चर्चेचं गुऱ्हाळ थांबवा, कागद फिरवा : ६-३-५ ची बैठक कशी घ्यायची

विषयपत्रिकेवरचा पाचवा विषय होता, ‘शाळकरी मुले वाचनालयाकडे वळावीत यासाठी उपाययोजना’. तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, संध्याकाळी साडेसहाची कार्यकारिणीची सभा, आणि मी निमंत्रित म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर. अध्यक्षांनी घसा खाकरला. म्हणाले, “मला वाटतं, एक निबंध स्पर्धा घेऊ.” कोषाध्यक्ष म्हणाले, “निबंध तर हवाच, जोडीला वक्तृत्व ठेवा.” तिसऱ्या सदस्यांनी हस्ताक्षर सुचवलं. मग बक्षिसं कोणाच्या हस्ते द्यायची यावर पाऊण तास गेला. ग्रंथपालबाई सकाळ-संध्याकाळ त्या काउंटरमागे बसतात. कोणतं मूल दारापर्यंत येऊन परत फिरतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्या सबंध सभेत त्या एकदाच बोलल्या : “चहा किती सांगू?”

दोन आठवड्यांनी त्याच प्रश्नावर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी न बोलता. सहा माणसं, सहा कागद, आणि दर पाच मिनिटांनी आपला कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. त्यातून काय निघालं ते पुढे येईलच. आधी ही पद्धत आली कुठून आणि ती चालते का, एवढं थोडक्यात.

बोलण्यात कुठे बिघडतं

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द रूढ केला तो न्यूयॉर्कच्या बीबीडीओ या जाहिरात कंपनीतल्या अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी. त्या नावातला ‘ओ’ त्यांचाच. त्यांचे नियम चार होते : टीका करायची नाही, मोकाट सुटायचं, भरपूर कल्पना काढायच्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली रचायची. नियम उत्तमच आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी तपासून पाहिलं, तेव्हा चार जणांच्या गटापेक्षा, एकेकटे बसून विचार केलेल्या चार जणांच्या कल्पनांची बेरीज जवळजवळ दुप्पट भरली. असं का, याचा पिच्छा मायकल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी पुरवला. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं की लाजण्यापेक्षा किंवा आळसापेक्षा मोठं कारण साधं आहे : एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे पाळीची वाट बघत थांबतात, आणि तोवर डोक्यातलं निसटतं.

आपल्याकडे त्यात भीड मिसळते. वयाने किंवा पदाने मोठा माणूस पहिलं वाक्य बोलला की उरलेली सभा त्याची री ओढते. निबंधानंतर वक्तृत्व आणि वक्तृत्वानंतर हस्ताक्षर येतं ते असं.

जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये यावर तोड सुचवली : बोलूच नका, लिहा. सहा माणसं, प्रत्येकाने एका फेरीत तीन कल्पना, एका फेरीला पाच मिनिटं, म्हणून ६-३-५. कागद पाच वेळा पुढे सरकतो आणि सहाव्या फेरीअखेर प्रत्येक कागदावर अठरा चौकटी भरलेल्या असतात. सहा कागदांच्या मिळून १०८. जपमाळेच्या मण्यांइतक्या, हा योगायोग. पण आमच्या अध्यक्षांना पद्धत पटली ती या आकड्यामुळे, हेही सांगून टाकते.

प्रश्न लिहिण्यात अर्धा दिवस घालवा

हे मी थट्टेने म्हणत नाही. बैठक अर्ध्या-पाऊण तासाची असते, पण ती सगळी कागदाच्या माथ्यावर लिहिलेल्या एका ओळीवर उभी असते.

आमची पहिली ओळ होती : ‘वाचनालयाची प्रगती कशी साधावी?’ यावर फक्त भाषण लिहिता येतं. दुसरी : ‘मुलांसाठी कोणते उपक्रम घ्यावेत?’ ही बरी वाटते, पण तिच्या पोटात उत्तर आधीच बसलेलं आहे. उपक्रम घ्यायचे हे ठरूनच गेलं, मग पुन्हा स्पर्धाच येणार. शेवटी ठरली ती ओळ अशी : ‘पाचवी ते नववीतलं मूल शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा तरी आपण होऊन वाचनालयाच्या आत येईल, यासाठी काय काय करता येईल?’

फरक बघा. कोण, कधी, किती वेळा हे ठरलं. कसं ते मोकळं राहिलं. ‘आपण होऊन’ हे दोन शब्द ग्रंथपालबाईंनी घालायला लावले, कारण शाळेने रांग लावून आणलेली मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ‘काय करावं’ ऐवजी ‘काय काय करता येईल’ लिहा. एकच बरोबर उत्तर शोधायची शाळेतली सवय त्याने जरा सैल होते.

खर्चाची अट प्रश्नात घालू नका. ‘कमी खर्चात’ असं लिहिलं की माणसं कल्पना सोडून हिशेब करू लागतात. जे खरोखर हलणारच नाही तेवढंच आधी सांगा. आमच्याकडे ते एकच होतं : इमारत दुसरी मिळणार नाही.

ओळ तयार झाली की बैठकीत नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या आणि दोन उत्तरं विचारा. ती सुचली तर ओळ चालते. “म्हणजे नेमकं काय म्हणायचंय?” असा प्रश्न आला, तर पुन्हा बसा.

सहा जण कोण

सगळी कार्यकारिणी बोलवायचा मोह टाळा. सहापैकी दोघं-तिघं निर्णय घेणारे असावेत, नाहीतर पुढे सगळं फायलीत जातं. एक जण असा, ज्याला ते काम प्रत्यक्ष करावं लागणार आहे. आणि निदान एक जण ज्याच्यासाठी हे चाललंय त्यांच्यातला. आम्ही अध्यक्षांऐवजी (ते स्वतःहून बाजूला झाले, हा त्यांचा मोठेपणा) एक निवृत्त शिक्षक घेतले. शिवाय कार्यवाह, ग्रंथपालबाई, एक तरुण सदस्य, नववीतली एक मुलगी आणि शाळेच्या मुलांची ने-आण करणारे रिक्षावाले काका. रिक्षावाल्या काकांच्या नावावर कार्यवाहांनी भुवई उंचावली होती, ती लक्षात ठेवा.

सहाच असायला हवेत असं नाही. चौघांत चार फेऱ्या आणि ४८ चौकटी होतात, पाच जणांत ७५. चौघांहून कमी असतील तर कागद फार लवकर घरी परततो. सात-आठ जण झाले तर दोन गोल करा, कारण शेवटच्या फेऱ्यांत आधीचं वाचण्यातच वेळ संपतो. ज्याला लिहिणं जड जातं त्याच्या शेजारी एक लेखनिक बसवा, पण तो फक्त लिहील, सुधारणार नाही, हे त्याला बजावून ठेवा. आमच्या काकांनी लेखनिक नाकारला. “अक्षर वाईट आहे, डोकं नाही,” म्हणाले.

कागद

ए-फोर कागद आडवा धरा. माथ्यावर प्रश्न, खाली तीन उभे रकाने, सहा आडव्या ओळी. कागदाची आडवी बाजू सुमारे ३० सेंटीमीटर, उभी २१. प्रश्नाची जागा सोडली तर एका चौकटीला जेमतेम तीन सेंटीमीटर उंची मिळते. तेवढी पुरे, कारण एका चौकटीत एक वाक्य हवं, परिच्छेद नको. कागदांना १ ते ६ क्रमांक घाला. नाव कोणीच लिहायचं नाही, आणि पेनं सगळ्यांना एकाच शाईची द्या. छोट्या गावात अक्षरावरून माणूस ओळखू येतोच, त्याला इलाज नाही. तरी नाव नसल्याने लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो, हे मी बऱ्याच बैठकांत पाहिलंय.

बसायला गोल करा. सतरंजीवर भारतीय बैठक असेल तर प्रत्येकाच्या मांडीवर पॅड द्या. मोबाइल सगळ्यांचे बाहेर, एकच आत, गजर लावायला. चहा आधी किंवा नंतर, मध्ये अजिबात नाही. चहा आला की तोंडं उघडतात.

फेऱ्या

सुरुवातीला दोन मिनिटांत नियम सांगा. बोलायचं नाही. शेजाऱ्याला “हे काय लिहिलंय?” असंही विचारायचं नाही, जे वाचता येईल ते वाचायचं, चुकीचं वाचलं तरी चालेल, त्यातूनही कधी नवं निघतं. कुणाचं खोडायचं नाही. आणि वाक्य पूर्ण लिहायचं, क्रियापदासकट. ‘फिरतं वाचनालय’ या दोन शब्दांवर पुढच्याला काही रचता येत नाही. ‘शनिवारी सकाळी पुस्तकांची पेटी सायकलवरून शाळेच्या फाटकाशी न्यावी’ यावर येतं.

पहिल्या फेरीत प्रत्येक जण आपल्या कागदाच्या पहिल्या ओळीतल्या तीन चौकटी भरतो. गजर झाला की सगळे कागद एकदम उजवीकडे सरकवायचे. दुसऱ्या फेरीत समोर आलेल्या कागदावरचं वाचून दुसरी ओळ भरायची. वरच्या कल्पनेचं काय करायचं, हे लोकांना सुचत नाही, म्हणून तीन वाटा आधी सांगून ठेवते : पुढे न्या, दुसऱ्या कशाला तरी जोडा, किंवा उलटवून बघा. काहीच जमलं नाही तर अगदी नवं लिहा. चौकट कोरी राहिली तरी गुन्हा नाही, पुढचा भरेल.

वेळेबद्दल माझं मूळ पद्धतीशी थोडं भांडण आहे. पाच मिनिटं पहिल्या दोन फेऱ्यांना बास होतात. पुढे वाचायचं वाढत जातं. मी ५, ५, ६, ६, ७, ७ अशी मिनिटं देते. एकूण छत्तीस.

आता त्या छत्तीस मिनिटांत काय होतं ते सांगते, कारण बैठक चालवणाऱ्याचा धीर इथेच सुटतो. पहिल्या फेरीत सगळे भराभर लिहितात, आणि जवळपास सगळं ठेवणीतलं असतं : स्पर्धा, बक्षिसं, व्हॉट्सअॅप ग्रुप, सत्कार. येऊ द्या. हे बाहेर पडल्याशिवाय पुढचं येत नाही. नळाला आधी गढूळ पाणी येतं तसं. दुसरी फेरी उत्साहात जाते, कारण दुसऱ्याचं वाचण्याची गंमत असते. तिसरी फेरी ही खडकाळ. माणसं पंख्याकडे बघतात, पेनाची टोपणं चघळतात, एखादा उसासा टाकून ‘झालं आमचं’ अशा नजरेने तुमच्याकडे पाहतो. इथे बोलू नका, हसू नका, वेळ कमी करू नका. सोपं संपलंय, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या अनुभवात हाती लागणाऱ्या बहुतेक गोष्टी चौथ्या-पाचव्या ओळीतल्या असतात, आणि घाईची बैठक नेमकी तिसरीत मोडते.

आमच्या तीन नंबरच्या कागदाचा मधला रकाना वरून खाली असा होता.

पहिली ओळ, शिक्षकांची : ‘मुलांना मासिक वर्गणी माफ करावी.’

दुसरी, ग्रंथपालबाईंची : ‘वर्गणीला कोणी नाही म्हणत नाही. पालक अनामत रकमेशी अडतात. ती माफ करावी.’

तिसरी, नववीतल्या मुलीची : ‘पुस्तक घरी नेलं की फाटेल, हरवेल म्हणून आई नको म्हणते. इथेच बसून वाचायला द्या.’

चौथी, काकांची, वळणदार नसलेल्या पण ठसठशीत अक्षरात : ‘शाळा सुटल्यावर रिक्षा भरेपर्यंत पोरं वीस मिनिटं उन्हात उभी असतात. तेवढा वेळ आत बसू द्या. मी हॉर्न देईन.’

पाचवी, तरुण सदस्याची : ‘वीस मिनिटांत वाचून संपतील अशा पुस्तकांचं वेगळं कपाट दाराजवळ ठेवावं.’

सहावी ओळ कार्यवाहांची. हे गृहस्थ एक पुस्तक नोंदीशिवाय हलू देत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं : ‘या कपाटाला नोंदवही नको. मुलांनी स्वतः काढावं, स्वतः ठेवावं.’

सहापैकी कोणाही एकाच्या डोक्यात ‘वीस मिनिटांचं कपाट’ नव्हतं. ते त्या रकान्यात वरून खाली उतरत तयार झालं. आणि बोलून सभा झाली असती तर काकांचं हॉर्नचं वाक्य कोणी ऐकलंच नसतं, कारण त्यांना बोलावलंच नसतं.

१०८ चं काय करायचं

फेऱ्या संपल्या की दहा मिनिटं सुट्टी द्या. आता चहा. त्याच वेळी सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण पुढे तुम्ही ते कापणार आहात.

परतल्यावर प्रत्येकाने समोर असलेला कागद मोठ्याने वाचायचा. स्वतःचा नव्हे, हातात आलेला. कल्पना कोणाची हा प्रश्न इथेच विरतो. खुलासा विचारता येईल, मत देता येणार नाही. आमच्या दहा-बारा चौकटी कोऱ्या होत्या आणि ‘स्पर्धा’ वेगवेगळ्या वेशांत बऱ्याचदा आली. त्या सगळ्यांची मिळून एकच चिठ्ठी केली.

मग कात्री. चौकटी कापून चिठ्ठ्या टेबलावर पसरा. यापुढची रीत जपानचे मानवशास्त्रज्ञ कावाकिता जिरो यांच्या के-जे पद्धतीतून उचललेली आहे. नेपाळमधल्या कामासाठी १९८४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळालेले ते हेच. क्षेत्रभेटींतून जमणाऱ्या ढीगभर टिपणांतून अर्थ लावण्यासाठी त्यांनी ती बसवली. तिचं मर्म एकच : आधी खाने ठरवून त्यांत चिठ्ठ्या कोंबायच्या नाहीत. ज्या चिठ्ठ्या एकमेकींजवळ असाव्यात असं वाटतं त्या जवळ सरकवायच्या, आणि पुंजका जमल्यावर त्याला नाव द्यायचं. नाव ‘पायाभूत सुविधा’ असलं सरकारी नको. आमच्या पुंजक्यांची नावं होती ‘रिक्षा येईपर्यंत’, ‘आईची भीती’, ‘दाराशी काय दिसतं’ आणि ‘स्पर्धा व इतर’. एकटी पडलेली चिठ्ठी कुठेही बळेच चिकटवू नका. पुष्कळदा तीच नवी असते.

निवडीसाठी टिकल्यांचं पाकीट आणा. किराणा दुकानात मिळतं ते. प्रत्येकाला चार टिकल्या : दोन लाल, ‘येत्या पंधरवड्यात सुरू करता येईल’ यासाठी, दोन हिरव्या, ‘जमेल की नाही कोण जाणे, पण व्हायला हवं’ यासाठी. हे दोन रंग वेगळे ठेवाच. सगळ्यांना एकच रंग दिला की मतं सोप्या आणि बिनधोक्याच्या गोष्टींकडे जातात आणि धाडसाची चिठ्ठी उपाशी राहते. टिकली लावण्याआधी प्रत्येकाने आपल्या चार चिठ्ठ्या मनाशी ठरवून कागदाच्या कपट्यावर लिहाव्यात, मग सगळ्यांनी एकदम लावाव्यात. नाहीतर पहिल्या टिकलीशेजारी दुसरी पडते आणि भीड मागच्या दाराने परत येते.

सर्वात जास्त लाल टिकल्या मिळालेल्या दोन आणि हिरव्या मिळालेली एक, एवढ्याच कल्पना घ्या. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा : कोण करणार, कोणत्या तारखेला सुरू, आणि चालली नाही हे कशावरून कळणार. तिसरी गोष्ट लोक हमखास टाळतात. आमच्या कपाटापुढे लिहिलं होतं : ‘पंधरा दिवसांत रोज पाच मुलंही बसली नाहीत तर कपाट हलवायचं.’ खर्चाचा विषय इथे काढा, आधी नाही.

ही पद्धत कुठे वापरू नये

वाचनालयाचं छत गळतंय तर गवंडी बोलवा, सहा कागद फिरवू नका. निर्णय आधीच झालेला असेल आणि लोकांना फक्त सामील करून घेतल्यासारखं दाखवायचं असेल, तर मुळीच करू नका; माणसांना ते पहिल्याच वेळी कळतं आणि पुढच्या वेळी चौकटी कोऱ्या येतात. आपसांत भांडण पेटलेलं असेल तरी नको. निनावी कागदावर टोमणे फार सुबक लिहिता येतात, हे मी एका सोसायटीच्या पार्किंगच्या बैठकीत शिकले. दुसऱ्या फेरीतच कागद गोळा करावे लागले.

माणसं पुण्यात, नाशिकमध्ये आणि एखादी दुबईत असेल तर गूगल शीटमध्ये सहा पानं उघडा, प्रत्येकाने ठरल्या वेळी पुढच्या पानावर जायचं. कॉल चालू, माइक बंद. चालतं, पण शेजाऱ्याच्या पेनाचा आवाज नसतो, त्यामुळे तिसरी फेरी अधिकच जड जाते. पाच मिनिटांच्या ऐवजी एक दिवस एक फेरी असं केलं तर घाईने लिहिण्यापेक्षा बरं निघतं. एकट्याने करायचं असेल तरी हाच उपाय : रोज सकाळी एक ओळ, कालची वाचून. सहाव्या दिवशी तुमचं पहिल्या दिवसाचं अक्षर दुसऱ्या कुणाचं वाटू लागतं.

कपाट जुन्या दिवाळी अंकांच्या रॅकजागी, दाराच्या डाव्या हाताला बसलं. पातळ पुस्तकं, गोष्टींची, कोड्यांची. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघंच आली. दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि मुलं आत आली, ती कपाटासाठी नव्हे, भिजू नये म्हणून. ग्रंथपालबाईंनी चपलांसाठी बाहेर जुनं गोणपाट टाकलं. परवा मी गेले तेव्हा कार्यवाह नोंदवही मिटून खिडकीशी उभे होते, आणि बाहेर हॉर्न वाजला तेव्हा आतून एक मुलगा ओरडला, “काका, दोन पानं राहिलीत!”